गाडी कोण चालवत होतं

“बसा,” आरबोळे वकील म्हणाले. “कुठल्या खुर्चीत ते मी सांगणार नाही. शरीर नेईल तिकडं बसा.”

खोलीच्या मधोमध वेताच्या दोन जुन्या खुर्च्या एकमेकींना चिकटून ठेवल्या होत्या, दोन्हींची तोंडं भिंतीकडं. मी कुबड्यांवर लोंबकळत उभा आणि मागं दाराशी माझी थोरली बहीण, आक्का. मनात म्हटलं, हे काय नवीन खूळ. आम्ही अपघाताच्या भरपाईचा दावा लावायचा म्हणून वकील करायला आलो होतो, संगीत खुर्ची खेळायला नव्हे. पण गडहिंग्लजात ज्याला विचारावं तो हेच नाव घेत होता. गरज आमची होती. मुकाट उजव्या खुर्चीत बसलो.

“ही गाडी समजा. समोर रस्ता. आंबोलीकडनं आजऱ्याला येताय. डोळे मिटा.”

डोळे मिटले. आणि माझा उजवा पाय, जो मांडीपासून कापून डॉक्टरांनी कधीच वेगळा केला होता, तो पुढं गेला आणि त्यानं काहीतरी गच्च दाबून धरलं.

मला ह्याची सवय झाली होती असं म्हणवत नाही, पण ओळख झाली होती. भर दुपारी दुकानात मिक्सर उघडून बसलेलो असायचो आणि नसलेला पाय दाबायला लागायचा. पोटरीत गोळे यायचे. खाली हात घालून बघावं तर पायजम्याची गाठ मारलेली नळी. डॉक्टर म्हणाले होते, होतं असं, पाय गेलेला मेंदूला कळायला वेळ लागतो. मी म्हटलं, मला कळून सहा महिने झाले, मेंदू काय वेगळ्या गावाला राहतो काय?

“काय दाबताय?” वकिलांनी विचारलं. त्यांना मांडीचं थोटूक ताठ झालेलं दिसत होतं.

“ब्रेक.”



“आता डावीकडच्या खुर्चीत या.”

धडपडत सरकलो. डोळे मिटले. पायानं पुन्हा दाबलं, तितकंच जोरात.

“शेजारी बसलेला माणूसही ब्रेक दाबतोच,” वकील म्हणाले. “मी माझ्या पोराशेजारी बसलो की आजऱ्यापर्यंत दाबत जातो. ह्याला पुरावा म्हणत नाहीत. आणि उजवीकडं बसलात ते कुबड्या माझ्या टेबलाला टेकवायला सोप्या म्हणून. उठा आता.”

वेताच्या खुर्चीतून माणूस उठला की वेत हळूहळू वर येतो आणि कुरकुरतो, हे मलाही माहीत आहे. उजवी खुर्ची तशी कुरकुरत होती. पण ती थांबेचना. आम्ही तिघं त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिलो. वकिलांनी उगीच चष्मा पुसला.

“गुंडू,” आक्का म्हणाली, दूध अजून वर आलं नाही असं सांगावं तशा साध्या आवाजात, “तिथनं अजून कुणी उठलं न्हाई.”

मग खुर्ची गप्प झाली.

आता हे सगळं कशासाठी ते सांगायला हवं. आक्काचे यजमान परशराम दाजी, गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. देवमाणूस म्हणणार नाही, तापट होते, पण सरळ. त्यांच्या पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही दोघं सावंतवाडीला गेलो होतो, गल्लीतल्या शिंत्र्यांची गाडी मागून घेऊन. येताना आंबोलीत चहाला थांबलो. आमची एक रीत होती. दोघांनाही गाडी चालवायची हौस, दोघांकडंही लायसन, तेव्हा भांडण नको म्हणून टपरीवर बसलं की किल्ली टेबलावर दोन गेलासांच्या मध्ये ठेवायची. ज्याचा चहा आधी संपेल त्यानं पुढं गाडी घ्यायची. मग काय, तोंड भाजत पीत बसायचो दोघं, आणि टपरीवाला हसायचा. त्या दिवशीही किल्ली मध्ये होती. माझ्या गेलासात चहा होता, त्यांच्याही होता, वाफ येत होती. माझी आठवण तिथं संपते. पुढचं एकदम दवाखान्याचं छत.

मधल्या वेळात आजऱ्याच्या अलीकडं एका वळणावर गाडी रस्ता सोडून जांभळाच्या झाडावर आदळली आणि खालच्या शेतात उलटी झाली होती. समोरून कुणी आलेलं नाही, काही आडवं गेलेलं नाही. दोघंही आत एकमेकांत गुंतलेले सापडले. लोकांनी ओढून झाडाखाली आणून ठेवलं. दाजी तिथंच गेले, मी राहिलो.

दवाखान्यात हवालदार आले तेव्हा मी बेशुद्ध. आमचे मामा पुढं झाले आणि जबाब दिला, गाडी परशराम चालवत होता. मामांना काय ठाऊक कोण चालवत होतं? पण आमच्याकडं असंच करतात. गेलेल्याच्या नावावर घालायचं. मेलेल्याला कोण बेड्या घालणार? मागं राहिलेला तरी सुटतो. हवालदारालाही तेच बरं पडतं, त्याचं प्रकरण जागच्या जागी मिटतं. मामांनी माझ्या भल्यासाठीच केलं, त्यांना मी कधी बोल लावला नाही.

“पण तिथंच सगळा घोटाळा झालाय,” आरबोळे वकिलांनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. “गाडीचा विमा आहे. भरपाई मिळते. पण कुणाला? जो शेजारी बसला होता त्याला. जो चालवत होता त्याला स्वतःच्याच चुकीची भरपाई मागता येत नाही. त्याच्या बायकापोरांनाही नाही. आज पोलिसांच्या कागदावर चालवणारा परशराम आहे. म्हणजे ह्या बाईंना काही नाही. तुमच्या पायाची तेवढी मिळेल.”



“आणि हाच चालवत होता असं निघालं तर?” आक्कानं विचारलं.

“तर तुम्हाला मिळेल, पोरींची शिक्षणं होतील. ह्यांना पायाचं काही नाही मिळणार. वर पोलीस ह्यांच्यावर मरणाला कारणीभूत झाल्याचा गुन्हा घालतील. म्हणून सांगतो, मी दोघांचं वकीलपत्र घेऊ शकत नाही. कुणाचं घेऊ?”

“आक्काचं घ्या,” मी म्हणालो. त्यात मोठेपणा काही नव्हता. माझं दुकान बसून करायचं होतं, एक पाय गेला तरी माझी चूल पेटत होती. आक्काच्या दोन मुली शाळेत, सासरी दिरानं चूल वेगळी करून दिलेली. भरपाई मिळाली नसती तर तिला दुसऱ्याच्या ऊसतोडीला जावं लागलं असतं. ती गेलीही असती. तिचा स्वभाव मला माहीत होता.

“मी खोटं शिकवत नाही,” वकील म्हणाले. “आठवायला मदत करतो. आठवलं तर साक्ष द्या.”

म्हणून त्या खुर्च्या. आणि खुर्च्यांनी काही काम केलं नाही, तेव्हा वकील म्हणाले, जागेवर जाऊ.

जायच्या आधी आक्कानं मला एक सांगितलं. दाजींच्या दहाव्याला मी दवाखान्यात होतो, त्यामुळं मला ठाऊक नव्हतं. पिंडाला कावळा शिवत नव्हता. दिरानं पोरींचं बघतो म्हणून सांगितलं, नाही शिवला. पुतणीचं लग्न करून देतो म्हटलं, नाही शिवला. कावळे भरपूर, समोर रांगेनं बसलेले, पण एकही खाली येईना. शेवटी मामा पुढं होऊन म्हणाले, बाबा, पोलिसांत तुझं नाव सांगितलंय, गुंडूसाठी सांगितलंय, राग धरू नको. त्यावर सगळे कावळे उडून गेले. दर्भाचा कावळा करून विधी उरकावा लागला.

“त्येनला खोटं खपायचं न्हाई,” आक्का म्हणाली. “आळ घिऊन गेलेत ते. म्हणूनच घरातनं हलत न्हाईत.”

“घरातनं म्हणजे?”

“दुपारी मी निवडायला बसते. माझ्या डाव्या अंगाला बसतात. बोलत न्हाईत.”

मी तिला वेड्यात काढायला हवं होतं. पण माझा स्वतःचा तोडलेला पाय रोज ब्रेक दाबत होता. मी कुठल्या तोंडानं बोलणार?

आरबोळे वकिलांनी स्वतः गाडी चालवत आम्हाला तिकडं नेलं. चैताची भर दुपार होती. आक्का मागं, मी पुढं, आणि वळण जवळ आलं तसा माझा पाय दाबायला लागला. जांभूळ मोहरलं होतं. गाडी बंद केली आणि आवाज ऐकू आला. सगळं झाड घुमत होतं. मधमाश्या, दुसरं काय असणार, पण एवढ्या मोठ्या झाडातून एकसारखा आवाज येतोय आणि पान हलत नाही, हे चांगलं वाटत नव्हतं. खोडाची साल एका जागी गेली होती. खाली फोडलेले नारळ, कुंकू, सुकलेली लिंबं. आमच्यातल्या कुणी कधी काही वाहिलं नव्हतं. रस्त्यानं जाणारे गाडीवाले टाकत असणार. ते आमच्या दाजींना शांत करत होते. भीती त्यांनाही वाटत असणार.

खालच्या शेताच्या बांधावर एक म्हातारी बसली होती, पारूबाई. काजूची बाग राखायला असते म्हणाली. आम्ही कोण ते सांगितल्यावर ती उठून जवळ आली.

“म्याच पयलं आले हुते,” ती म्हणाली. “गाडी पालथी. दार वाकडं झालेलं, उघडंना. आतनं बोलणं येत हुतं.”

“काय बोलणं?” वकिलांनी विचारलं.

“‘बास, आता मी घेतो.’ एवढंच. परत परत. वरडणं न्हाई, कण्हणं न्हाई. घरात एकानं दुसऱ्याला म्हणावं तसं. ‘बास, आता मी घेतो.’ गाडी पालथी पडल्याली, अन् ह्यो म्हणतोय मी घेतो. म्या भ्याले. मानसं आल्यावर दार तोडलं.”

“कोण बोलत होतं?”

“दोघांची तोंडं रगतानं माखल्याली. वळखायचं कसं? बाहेर काढस्तवर गप झालं हुतं.”

“पोलिसांना सांगितलंत?”

“इच्यारलं कुणी?”

वकील माझ्याकडं वळले. “जो ‘आता मी घेतो’ म्हणाला, तो चालवत नव्हता. चालवणारा असं कशाला म्हणेल? शुद्ध जाता जाता शेजारचा म्हणत होता, तू थांब, आता गाडी मी घेतो.”

आक्का तोंडाला पदर लावून खाली बसली.

“हेच ते,” ती म्हणाली. “हेच म्हणायचे असं. कुणाच्या डोक्यावर भारा दिसला की मी घेतो. मी पाण्याला गेले की मागनं येऊन, बास, आता मी घेतो. दुसरं कोण म्हणणार?” मग तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. हिशेब लागल्यावर माणूस बघतो तसं ती बघत होती. “म्हणजे गाडी तू चालवत हुतास, गुंडू.”

मला आठवत नव्हतं.

ती झाडाकडं गेली, पिशवीतून नारळ काढला. वकील तिच्याबरोबर गेले. मी बांधावर बसायला लागलो तशी माझी एक कुबडी निसटून खाली पडली. म्हातारी उचलायला वाकली.

“असू द्या मावशी,” मी म्हणालो, “मी घेतो.”

पारूबाई वाकलेली तशीच राहिली. मग हळूच सरळ झाली, माझ्यापासून दोन हात मागं सरली आणि खालच्या आवाजात मला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते सांगतो, पण आधी कोर्टाचं सांगू द्या.

“मावशी, कोर्टात याल?” परतताना वकिलांनी तिला विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “मला कुठं नेऊ नका.” आणि माझ्याकडं न बघता ती बागेत गेली.

गाडी सुरू झाली. आजरा मागं पडला. मग वकिलांनी विचारलं, “काय, आठवलं काही?”

“आठवलं,” मी म्हणालो. “मीच चालवत होतो.”

वकिलांनी नुसता हुंकार भरला. मी समोरच्या आरशातून मागं पाहिलं. आक्का मधोमध बसली होती. ती सरकली, पार उजव्या दाराला टेकली, पदर आवरून घेतला, आणि शेजारी मोकळ्या झालेल्या जागेवर हात ठेवून घरापर्यंत तशीच बसली.

खटला उभा राहायला बराच काळ गेला. मधल्या काळात आक्का माझ्याशी तारखेपुरतं बोलायची. एरवी भाकरी वाढली तर ताट पुढं सरकवायची, शब्द नाही. मी म्हटलं, साक्ष झाली की निवळेल. रागावलेली बहीण ती, जाऊन जाऊन कुठं जाणार?

साक्षीच्या दिवशी कोर्टात फारसं कुणी नव्हतं. उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडलेला, पंखा फिरतोय. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुबड्यांवर उभा. साहेबांनी खुर्ची देऊ केली, मी नको म्हटलं. शपथ घेतली. आरबोळ्यांनी विचारलं ते, चहाच्या आणि किल्लीच्या रीतीसकट, पाठ केल्यासारखं झालं. मग विमा कंपनीचे वकील उठले. तरुण, चुणचुणीत माणूस.

“पोलिसांत तर मयत चालवत होता अशी नोंद आहे.”

“मी बेशुद्ध होतो. मामांनी सांगितलं. ते तिथं नव्हते.”

“बहिणीला पैसे मिळावेत म्हणून तुम्ही आज हे सांगताय.”

“नाही.”

“मग सांगा की. चहा कुणाचा आधी संपला?”

हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही ठरवून गेलो नव्हतो. मला वाटलं, इथं आपण अडकलो. पण तोंड उघडलं आणि बोलणं आपोआप यायला लागलं.

“माझा. जीभ पोळली होती. किल्ली उचलली तर ती गरम लागली, गेलासाला टेकली होती म्हणून. स्टिअरिंगवर कव्हर होतं, एका जागी उसवलेलं, त्यात माझा अंगठा अडकत होता. दाजी डावीकडं. त्यांनी चपला काढल्या होत्या. मान खिडकीला टेकवून झोपले. झाडांतनं ऊन डोळ्यावर येत होतं, एकदा उजेड, एकदा सावली. मलाही झापड आली. जांभूळ दिसलं तेव्हा ते जवळ आलं होतं. मी ब्रेक दाबला.”

टंकलेखक बाईसुद्धा थांबून माझ्याकडं बघत होत्या. विमा कंपनीच्या वकिलानं कागद चाळले आणि तो खाली बसला.

“चपला काढल्या होत्या,” आक्का बाकावरून म्हणाली, कुणालाच उद्देशून नव्हे. “अनवाणीच आणलं त्येनला घरी. चपला गाडीत डाव्या बाजूला सापडल्या. मी कुणाला बोलले नव्हते.”

साहेबांनी तिला गप्प राहायला सांगितलं. चपलांचं मला कुणी, कधीही सांगितलं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. तिनं माझ्यासाठी थांबावं अशी माझी वेडी अपेक्षा होती. ती थांबली खरी.

“माझं काम झालं, गुंडू,” ती म्हणाली. “तू शपथेवर सांगितलंस, माझ्या धन्यावरचा आळ गेला. पण झोप आली हुती तर गाडी का थांबवली न्हाईस? त्येनला का उठवलं न्हाईस? ते लगेच म्हणाले असते, मी घेतो. आता माझ्या दारात येऊ नकोस.”

दावा मंजूर झाला. आक्काच्या मुली शिकल्या, एक नर्स झाली, एक तलाठी. माझ्यावर केस झाली, काही वर्षं रेंगाळली, मी गुन्हा कबूल केला, कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा आणि दंड होऊन सुटलो. दिवाळीत भाऊबीजेला मी पहिल्या वर्षी आक्काच्या दारात गेलो होतो. तिनं आतून कडी घातली. कडीचा आवाज ऐकून मी परत आलो. पुन्हा गेलो नाही.

आता पारूबाई मला काय म्हणाली ते सांगतो.

ती म्हणाली, “ह्योच आवाज. आतनं बोलत हुता त्यो तू.”

म्हणजे दाजी चालवत होते. मी शेजारी होतो. चहा त्यांचा आधी संपला असणार. झापड त्यांना आली, आणि गाडी उलटी पडल्यावर मी रक्तानं माखून त्यांना समजावत होतो की बास, आता मी घेतो. मामांनी माहीत नसताना दिलेला जबाब खरा निघाला होता. हे मला बांधावर कळलं आणि तिथून गाडीपर्यंत चालत जाईतो मी ठरवून टाकलं. आक्काला सांगितलं असतं तर तिनं दावा सोडून दिला असता. खोट्याचा पैसा तिनं शिवला नसता, आणि पोरींना घेऊन उसाच्या फडावर गेली असती. आणि नवरा झोपेत गाडी घालून मेला, भावाचा पाय घेऊन गेला, हे उरावर घेऊन जन्म काढला असता. मी म्हटलं, मीच घेतो.

इथवर माझं गणित बरोबर होतं. पुढचं मला कळत नाही.

कोर्टात मी जे बोललो ते नंतर गेलं नाही. आधी नुसती वाक्यं होती, मग दिसायला लागलं. उसवलेलं कव्हर अंगठ्याला लागतं. झाडांतलं ऊन येतं. पाय अजून दाबतो, पण पूर्वी तळव्याखाली सपाट पत्रा लागायचा, आता पेडल लागतं, त्याची रबरी पट्टी लागते, ते खाली जातानाही कळतं. डावीकडं दाजी झोपलेले असतात, अनवाणी. आणि मग गाडी उलटी असते आणि कानाशी आवाज येतो, बास, आता मी घेतो. तो आवाज त्यांचा असतो. माझा नसतो. मी किती वेळा बजावलं स्वतःला, अरे, म्हातारीनं तुझा आवाज ओळखलाय. दुकानात एकटा असताना मोठ्यानं म्हणूनही बघितलं, मी घेतो, मी घेतो. गिऱ्हाईक दारात उभं, म्हणे काय घेता? काय सांगणार त्याला? एकदा पारूबाईला परत विचारावं म्हणून रिक्षा करून गेलो. ती वारली होती. बागेत दुसरीच माणसं होती, त्यांना काही ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी थोरल्या भाचीचा फोन आला. “मामा, आई बोलावतीय. लवकर या.”

आक्का माडीवरच्या खोलीत खाटेवर होती, वाळून पोरीएवढी झालेली. दुपार होती. भाचीनं स्टूल दिलं आणि ती आत गेली. खाटेची डावी बाजू मोकळी होती. आक्का एका कडेला अंग चोरून पडली होती.

तिनं माझ्या पायजम्याच्या गाठीकडं पाहिलं.

“दुखतंय का अजून?”

“अधनंमधनं.”

“लई वाईट वागले तुझ्याशी.”

“असू दे आक्का.”

“एक इच्यारते. हितं कोर्ट न्हाई, शपथ न्हाई.” तिनं मान जरा डावीकडं कलती केली, कुणी ऐकत असल्यासारखी. “तूच चालवत हुतास न्हवं?”

माझी बहीण मला परत मिळायला एक शब्द पुरे होता. नाही. तेवढं म्हटलं असतं तर तिनं माझा हात धरला असता. गेलेली सगळी वर्षं तिनं त्या हातावर तोंड ठेवून रडून काढली असती. मला ते हवं होतं. किती हवं होतं ते सांगता यायचं नाही.

“तू न्हाई म्हणालास,” ती पुढं म्हणाली, “तर मग ते हुते. मग रोज दुपारी माझ्या शेजारी बसायचे ते काय सांगायला बसायचे, गुंडू? मला आता तिकडंच जायचं हाय. त्येनला काय तोंडानं भेटू?”

“मीच चालवत होतो, आक्का,” मी म्हणालो. “ते झोपले होते. त्यांना काही कळलं नाही.”

तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. तिनं डोळे मिटले.

“बरं,” ती म्हणाली. “आता जा तू.”

मी कुबड्या घेतल्या, भाचीला येतो म्हटलं आणि जिना उतरून रस्त्यावर आलो. आणि सांगायचं म्हणजे, खोटं बोललो असं मला खाली येईपर्यंत वाटलंच नाही. अजूनही वाटत नाही.